जपानी शिकताना: वा, गा, नि, दे आणि आपली मराठी

मेथीकूट · रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हौस म्हणून जपानीच्या वर्गाला नाव घातलंय. दोन महिने झाले. हिरागाना-काताकाना या दोन्ही लिप्या पाठ झाल्या, आकडे झाले, "हाजिमेमाशिते" म्हणून वाकून नमस्कारही जमतो. आता वाक्यं सुरू झाली आणि गाडी घाटात अडकली.

वर्गात सगळं इंग्रजीतून चालतं. सर फळ्यावर लिहितात : 'वा' म्हणजे टॉपिक, 'गा' म्हणजे सब्जेक्ट, 'ओ' म्हणजे ऑब्जेक्ट. टॉपिक आणि सब्जेक्टमध्ये फरक काय, असं विचारलं तर म्हणाले, "हळूहळू कळेल." अहो, पण किती हळू? डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एन५, म्हणजे जपानीची सगळ्यात खालच्या पातळीची परीक्षा आहे!

माझ्या डोक्यात वाक्य मराठीत येतं. त्याचं मी इंग्रजी करते आणि मग जपानी. "मी कंपनीत जाते", मग "आय गो टू द कंपनी", मग "वाताशि वा काइशा ए इकिमासु". परवा भांडी घासताना एकदम लक्षात आलं की पहिल्या आणि तिसऱ्या वाक्याचा क्रम तर एकच आहे. मग मधला वळसा कशाला?

तर प्रश्न असे : थेट मराठीवरून शिकलं तर चालतं का, की पुढे अडचण होते? 'नि' कधी आणि 'दे' कधी? आणि हा 'वा-गा' प्रकार कोणी मराठीत समजावून सांगेल का?

कोंबडीवडे · रात्री ९:२२

वा! गा! इथपर्यंत समजलं. पुढचं जाणकार सांगतीलच. मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

गवतीचहा · रात्री १०:०५

मेथीकूट, तुमचं भांडी घासतानाचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मी आठ वर्षं भाषांतराचं काम करते आणि नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगते की इंग्रजी बाहेर चपलांपाशी ठेवून या.

हे वाक्य बघा :

मी काल पुण्यात मित्राबरोबर भात खाल्ला.
वाताशि वा / किनो / पुने दे / तोमोदाचि तो / गोहान ओ / ताबेमाशिता.

एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. क्रियापद शेवटी. मधल्या तुकड्यांची अदलाबदल केली तरी दोन्ही भाषांत चालतं, कारण प्रत्येक तुकड्याच्या शेपटीला त्याचं काम बांधलेलं आहे. आपल्याकडे शेपटी म्हणजे विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय, त्यांच्याकडे ही छोटी अव्ययं. इंग्रजीत 'टू' आणि 'विथ' शब्दाच्या आधी येतात, म्हणून इंग्रजीवरून शिकणाऱ्याला सगळं उलटं लावावं लागतं. आपण आधीच सुलटे आहोत.

षष्ठी तर बघाच. "मित्राच्या वडिलांच्या कंपनीची गाडी" म्हणजे "तोमोदाचि नो ओतोसान नो काइशा नो कुरुमा". चा-ची-चे-च्या असा गोंधळ नाही, सगळीकडे एकच 'नो'. गाडी स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, याची काळजी जपानी माणसाला नाही. "टेबलाच्या वर पुस्तक आहे" हेही "त्सुकुए नो उए नि होन गा आरिमासु". 'वर' हा शब्दसुद्धा 'च्या'ला धरूनच येतो.

उरलेलं उद्या. पोराची शाळा आहे सकाळी.

पानगळ · रात्री १०:३१

वाचतेय. माझी लेक कार्टून बघून बघून शिकलीय. परवा मला म्हणाली, "आई, जपान्यांना पण 'का' लावून प्रश्न विचारता येतो." "किमासु का?" म्हणजे "येतोस का?". मला वाटलं थट्टा करतेय. खरंच तसं आहे का?

उंबरठा · सोमवार, पहाटे ५:४८

पानगळ, खरंच आहे. तोक्योत निशि-कासाइला राहून अकरा वर्षं झाली, तरी मला या 'का'ची अजून मजा वाटते. "चहा का कॉफी" म्हणतो ना आपण घरात? त्यांचंही "ओचा का कोही". 'का' त्याच जागी. वाक्याच्या शेवटचा 'ने' म्हणजे आपला 'ना' : "आत्सुइ देसु ने", "गरम होतंय ना". आणि नकार 'नाइ'. "ताबेनाइ", खात नाई! माझ्या आजीला हे ऐकवलं, तर तिचं म्हणणं की हे लोक मूळचे साताऱ्याचेच असणार.

मेथीकूट, पण एक धोक्याची सूचना. मराठी पुष्कळ लांबवर नेते, आणि मग अशा ठिकाणी सोडते की परतीची गाडी नाही. माझी पहिली मोठी चूक आपल्या मराठी 'ने'ची. "रामाने आंबा खाल्ला." मला शिकवलं होतं की 'ने' म्हणजे 'दे' : बसने जातो म्हणजे "बासु दे इकिमासु", चमच्याने खातो म्हणजे "सुपुन दे ताबेमासु". मी मोठ्या आत्मविश्वासाने "रामु-सान दे मांगो ओ ताबेमाशिता" म्हणून मोकळा झालो. समोरच्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. मी रामाचा चमचा करून आंबा खाल्ला होता.

आपला कर्त्याचा 'ने' मुख्यतः भूतकाळात उगवतो. जपानीत असलं काही नाही. काल खाल्ला, आज खातो, उद्या खाईन, कर्त्याला 'वा' किंवा 'गा'च.

कोंबडीवडे · सकाळी ८:१५

रामाचा चमचा!! ऑफिसात चहा सांडला. आमच्याकडे असे रामाचे चमचे पुष्कळ आहेत, दर अप्रेझलला दिसतात.

तिरपागडा · सकाळी ९:४०

सगळ्यांना विरोध करायला मी आलोय, सवयीप्रमाणे.

अव्ययांचे अर्थ मराठीत पाठ करू नका. इंग्रजीतही करू नका. अव्यय क्रियापदाबरोबर पाठ करा. 'भेटणे' = "नि आउ". 'चढणे' = "नि नोरु". 'उतरणे' = "ओ ओरिरु". मराठी माणूस "गाडीतून उतरतो" म्हणतो म्हणून 'कारा' (म्हणजे 'तून') लावायला जातो, आणि परीक्षेत नेमका तोच पर्याय समोर ठेवलेला असतो. बरोबर उत्तर : "देन्शा ओ ओरिमासु". घरातून निघणे : "उचि ओ देमासु". पूल ओलांडणे : "हाशि ओ वातारिमासु". यात तुमचा मराठी तक्ता काय कामाचा?

गवतीचहा · सकाळी ११:२०

तिरपागडा, तुमचं पहिलंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. "मित्राला भेटतो", 'ला' म्हणजे 'नि', "तोमोदाचि नि आइमासु". मराठीवरून आलेला माणूस इथे चुकत नाही. इंग्रजीवरून आलेला 'ओ' लावतो आणि गुण घालवतो. पूल ओलांडतो, नदी ओलांडतो, यातही आपल्याकडे पूल कर्मच आहे. आणि "घर सोडतो" म्हणा की, लगेच 'ओ' बसतो.

आपला 'ला' आणि त्यांचा 'नि' तर जुळे भाऊ वाटावेत असे :

सातला उठते : शिचिजि नि ओकिमासु.
जपानला जाते : निहोन नि इकिमासु.
सरांना विचारते : सेन्सेइ नि किकिमासु.
जेवायला जाते : ताबे नि इकिमासु.

शेवटचं नीट बघा. 'जेवायला'मधला 'ला'सुद्धा 'नि'च. इंग्रजीचा आधार घेतला असता तर हे सुचलंही नसतं.

मात्र इथेच एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलेय. मराठीत सजीव कर्मालाही 'ला' लागतो : "मी सिनेमा पाहिला", पण "मी रामला पाहिलं". जपानीत सिनेमा असो की राम, 'ओ'च. "रामु-सान ओ मिमाशिता." 'ला' दिसला की लगेच 'नि' लावू नका. क्षणभर थांबा, हा 'ला' माणूस असल्यामुळे आलाय का, ते बघा.

तिरपागडा · सकाळी ११:३२

म्हणजे शेवटी क्रियापदाबरोबर पाठ करावंच लागतं. धन्यवाद.

गवतीचहा · सकाळी ११:३४

अर्धं पाठ करावं लागतं. उरलेलं अर्धं फुकट मिळतं. मी फुकटचं सोडत नाही.

बेळगावकर_७२ · दुपारी १:०५

आमच्याकडचं एक सांगतो. जपानी 'यो' तुम्ही पुण्यामुंबईचे लोक कसा समजावता माहीत नाही, पण आम्हाला लगेच समजला. "जेवलास काय?" "जेवलो की!" हा 'की' म्हणजे 'यो'. "ताबेता यो!" कोल्हापूर-बेळगावच्या माणसाला हा शिकवावा लागत नाही.

आणखी एक. "येतो म्हणून सांगिटला" असं आम्ही बोलतो, कन्नडातही "बरुत्तेने अंत हेळिद". बोललेलं आधी, मग 'म्हणून', मग 'सांगितलं'. जपानीत "कुरु तो इइमाशिता". 'म्हणून'च्या जागी 'तो', बाकी तेच. "तानाका म्हणून एक माणूस आहे" हे "तानाका तो इउ हितो". मला आधी वाटलं होतं 'तो' म्हणजे फक्त 'आणि' किंवा 'बरोबर'.

मेथीकूट · दुपारी २:१०

बेळगावकरकाका, हा 'म्हणून' मी वहीत लाल शाईने लिहून घेतला! 'तो'वरून आठवलं. मी वर्गात "ताबेमासु तो इकिमासु" म्हणाले, खाते आणि जाते अशा अर्थाने. सरांनी नुसतीच फुली मारली.

उंबरठा · दुपारी २:४०

'तो' नामं जोडतो, क्रियापदं नाही. क्रियापदांसाठी 'ते'चं रूप, आणि ते म्हणजे हुबेहूब आपलं 'ऊन'. खाऊन जाते : "ताबेते इकिमासु". घेऊन ये, घेऊन जा : "मोत्ते कुरु", "मोत्ते इकु". आता खरी गंमत : "करून बघ" म्हणजे "यात्ते मिरु", आणि 'मिरु' म्हणजे बघणेच! "खाऊन टाकलं" हे "ताबेते शिमात्ता". "घेऊन ठेव" हे "कात्ते ओकु", 'ओकु' म्हणजे ठेवणे. करून 'बघण्यात' डोळ्यांचा काही संबंध नसतो, तरी दोन्ही भाषांना तिथे 'बघणे'च सुचलं.

एन५ला यातलं थोडंच येतं. पण एवढं कळलं की पुढचे दोन महिने सुखात जातात.

कुरडई · दुपारी ३:१५

अवांतर : तिकडे साकुरा, म्हणजे चेरीचा बहर बघायला नक्की कधी जावं? तिकिटं आत्ता काढली तर स्वस्त पडतील का?

कोंबडीवडे · दुपारी ३:१८

झालं, धाग्याचं काश्मीर सुरू. साकुरा 'ओ' बघायला, कुरडई'ताई'. अव्यय लावा मग तिकीट मिळेल.

उंबरठा · दुपारी ३:५०

कुरडई, तोक्योत साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. होक्काइदोत मे उजाडतो. "हानामि नि इकिमासु", फुलं बघायला जाते. पुन्हा 'ला' म्हणजे 'नि', बघा!

शब्दचोर · संध्याकाळी ७:३०

उशिरा आलोय, पण 'वा-गा'ला अजून कोणी नीट हात घातलेला दिसत नाही. प्रयत्न करतो.

आपल्या गोष्टी कशा सुरू होतात? "आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या." पहिल्यांदा "एक राजा", दुसऱ्यांदा नुसता "राजा", कारण आता तो तुमच्या-आमच्या ओळखीचा झाला. जपानी गोष्टीची सुरुवात बघा : "मुकाशि मुकाशि, आरु तोकोरो नि ओजिइसान तो ओबाआसान गा इमाशिता." फार फार वर्षांपूर्वी एका ठिकाणी एक आजोबा आणि आजी होते. इथे 'गा'. पुढचं वाक्य : "ओजिइसान वा यामा ए शिबाकारि नि, ओबाआसान वा कावा ए सेन्ताकु नि इकिमाशिता." आजोबा डोंगरावर लाकूडफाटा आणायला गेले, आजी नदीवर कपडे धुवायला. आता 'वा'. 'गा' पात्राला रंगमंचावर आणतो, 'वा' त्याच्यावर दिवा टाकून पुढची हकिगत सांगतो.

म्हणूनच प्रश्नशब्दाला 'वा' लागत नाही. "कोण आलं?" हे नेहमी "दारे गा किमाशिता का". ज्याची ओळखच नाही त्याच्याविषयी काय बोलणार? आणि उत्तरातही 'गा'च : "तानाका-सान गा किमाशिता." मराठीत हा फरक आपण आवाजाने करतो किंवा 'च' लावून : "तानाकाच आला."

आता आवड-निवड. "मला सुशी आवडते." सांगा बघू, यात कर्ता कोण?

मेथीकूट · संध्याकाळी ७:४१

शाळेत बाईंनी सांगितलं होतं की... सुशी? कारण "मला आंबे आवडतात", क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं.

शब्दचोर · संध्याकाळी ७:५५

शाब्बास. म्हणूनच "सुशि गा सुकि देसु", सुशीला 'गा'. इंग्रजीत 'आय लाइक सुशी', म्हणून त्या वाटेने आलेला माणूस 'ओ' लावतो. आपल्या व्याकरणात ही सोय पिढ्यान् पिढ्या आहे. मला पाणी हवंय : "मिज़ु गा होशिइ". मला जपानी समजतं : "निहोन्गो गा वाकारिमासु". मला दोन भाऊ आहेत : "क्योदाइ गा फुतारि इमासु". मला ताप आहे : "नेत्सु गा आरिमासु". जे आवडतं, हवं असतं, समजतं, असतं, ते 'गा'. आणि 'मला' कुठे गेलं? ते पुढे "वाताशि वा" होऊन बसतं, किंवा बहुतेक वेळा गाळलंच जातं. "मला" दिसलं म्हणून तिथे 'नि' चिकटवू नका, एवढंच.

जपानी व्याकरणात गाजलेलं एक वाक्य आहे : "ज़ो वा हाना गा नागाइ". इंग्रजीत याला 'डबल सब्जेक्ट' वगैरे म्हणत धापा टाकतात. मराठीत सरळ आहे : "हत्तीचं म्हणाल, तर सोंड लांब." 'म्हणाल तर' म्हणजे 'वा'.

तिरपागडा · रात्री ८:२०

पहिल्यांदाच या धाग्यावर काहीतरी पटलं. फक्त 'वा'ची दुसरी बाजू सांगा, नाहीतर ही मंडळी तिकडे जाऊन मार खातील. 'वा' तुलनेलाही लागतो. हॉटेलातून बाहेर पडताना मी यजमानांना म्हणालो होतो, "र्योरि वा ओइशिकात्ता देसु." म्हणजे "जेवण तेवढं चांगलं होतं." बाकी सगळं भिकार, असा सूर आपोआप लागला. जागा त्यांनीच निवडलेली.

शब्दचोर · रात्री ८:३३

"तेवढं" हा शब्द मस्त सापडलाय. "निकु वा ताबेमासेन" : मांस तेवढं खात नाही. मासे चालत असतील, असं ऐकणारा आपसूक समजतो. आणि उलटी चूक म्हणजे पहिल्याच भेटीत "वाताशि गा पातिरु देसु" म्हणणं. त्याचा अर्थ "पाटील तो मीच!" जणू कोणीतरी दारात काठी घेऊन पाटलाला शोधत आलंय. ओळख करून देताना "वाताशि वा".

कोंबडीवडे · रात्री ८:४०

आमच्या गावात दुसरंच वाक्य जास्त उपयोगी पडेल.

पानगळ · रात्री ९:०२

लेकीचा प्रश्न : 'वा' लिहिताना 'हा' का लिहितात? आणि 'ओ'ला वेगळं अक्षर कशाला?

जुनाजाणता · रात्री ९:४५

मी १९८७ साली शिकायला लागलो तेव्हा हेच विचारलं होतं. जुन्या जपानीत शब्दाच्या मधला 'ह' हळूहळू 'व'सारखा उच्चारला जाऊ लागला, आणि ही अव्ययं आधीच्या शब्दाला चिकटून येत असल्याने त्यांचंही तेच झालं. लेखन मात्र जुनंच राहिलं. १९४६मध्ये कानालेखन (हिरागाना-काताकानातलं लेखन) उच्चाराप्रमाणे सुधारलं, तेव्हा ही तीन अव्ययं तेवढी जुन्या वेशात ठेवली : 'हा' लिहून 'वा', 'हे' लिहून 'ए', आणि 'वो'चं अक्षर लिहून 'ओ'. आता त्याचा फायदाच होतो. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, तेव्हा 'वो'चं अक्षर दिसलं की समजावं, कर्म संपलं.

लेकीला आणखी एक दाखवा. त्यांची अक्षरमाला आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. आपल्या क च ट त प य र ल व शेजारी ठेवून बघा. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृतचं वर्णज्ञान तिकडे गेलं, त्यातून हा क्रम लागला. 'सा' आपल्या 'च'च्या जागी आणि 'हा' 'प'च्या जागी का, तर त्या काळी त्यांचे उच्चार तिथे बसणारे होते.

नाटकवेडा · रात्री १०:१०

म्हणजे मराठी आणि जपानी एकाच घरातल्या! मला कायम वाटायचंच. 'नाइ', 'का', 'ने'... एवढे योगायोग असतात होय?

शब्दचोर · रात्री १०:२८

असतात. मराठी इंडो-आर्य, जपानीचं जवळचं नातं र्युक्यु बेटांवरच्या भाषांशी. वर्णक्रम गेला तो शिकलेल्या लोकांबरोबर, रक्ताच्या नात्याने नव्हे. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा जगात ढीगभर आहेत आणि तशा भाषांत अव्ययं नामामागे येणं हेही नेहमीचंच. ओनो सुसुमु या जपानी अभ्यासकांनी तमिळशी नातं जोडायचा मोठा प्रयत्न केला होता, पण बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी तो मान्य केला नाही. 'का' आणि 'नाइ'वर वंशावळ उभी करू नका. पाठांतरासाठी खुशाल वापरा.

नाटकवेडा · रात्री १०:३०

हिरमुसलो.

मेथीकूट · मंगळवार, सकाळी ७:५०

'वा-गा' पहिल्यांदा डोक्यात शिरलं, शब्दचोर, मनापासून आभार. पण 'नि' आणि 'दे' राहिलंच! पुण्यात राहते, पुण्यात काम करते, दोन्हीकडे 'त'. जपानीत मात्र एकदा 'नि', एकदा 'दे'.

गवतीचहा · सकाळी ९:१५

'त' फोडायची माझी युक्ती : तिथे 'ला' घालून बघा. "पुण्याला राहते" चालतं, म्हणून "पुने नि सुन्दे इमासु". "कँटीनला जेवते" कानाला खटकतं, म्हणून "शोकुदो दे ताबेमासु".

तिरपागडा · सकाळी ९:२२

"लग्न नाशिकला झालं." "मुलगी मुंबईला शिकते." 'ला' दिमाखात बसतो, पण जपानीत दोन्हीकडे 'दे'. युक्ती बुडाली.

गवतीचहा · सकाळी ९:४०

मान्य. बुडाली.

उंबरठा · सकाळी १०:३०

असा विचार करा : तिथे कोणी काही करतंय, काही घडतंय, तर 'दे'. नुसतं असणं, राहणं, बसणं, पोचणं, तर 'नि'. त्यातली चकवा देणारी जागा म्हणजे 'आरिमासु'. पुस्तक टेबलावर आहे : "नि आरिमासु". पण मीटिंग वरच्या मजल्यावर आहे : "निकाइ दे आरिमासु". मराठीत दोन्हीकडे 'आहे', पण मीटिंग ही वस्तू नव्हे, तो कार्यक्रम आहे, घडतो. म्हणून 'दे'. लग्न, परीक्षा, सामना, सगळे 'दे'.

निकाइवरून आठवलं. तिकडे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे 'निकाइ', म्हणजे शब्दशः दुसरा मजला, हा आपला पहिला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एक मजला जास्त चढून भलत्याच कंपनीच्या मीटिंगमध्ये जाऊन बसलो होतो. दहा मिनिटं सगळे मान डोलावत होते, मीही डोलावत होतो.

कोंबडीवडे · सकाळी १०:४१

आणि कोणाला काही कळलं नाही? मग मीटिंग अगदी आपल्यासारखीच असणार.

बेळगावकर_७२ · सकाळी ११:००

हॉटेलातलं एक कोणी सांगा की. ते "मी मासा आहे"वालं.

शब्दचोर · सकाळी ११:२५

"बोकु वा उनागि दा!" उनागि म्हणजे वाम जातीचा मासा. शब्दाला शब्द ठेवला तर "मी वाम आहे". परदेशी लोक यावर हसतात. पण आपल्याकडे चार जण मिसळ खायला गेले की काय होतं? "तुझं काय?" "मी मिसळ. हा पोहे. ती नुसता चहा." कोणी हसतं का? 'वा' तेच करतो : माझ्यापुरतं बोलायचं, तर वाम. आणि वेटर बशी घेऊन आला आणि "मिसळ कोण?" म्हणाला, की हात वर करून "मिसळ मी!" इथे जपानी माणूस 'गा' लावेल.

पानगळ · सकाळी ११:३०

"मिसळ मी" ने सगळा धागा समजला.

मेथीकूट · रविवार, रात्री ८:३५

आठवड्याने आले. आज वर्गात स्वतःविषयी पाच वाक्यं लिहायची होती. मी इंग्रजी पूर्ण बंद ठेवलं, मराठीतून थेट लिहिलं. सरांनी तपासायच्या आधी तुम्हाला दाखवते. हसू नका.

१. वाताशि वा पुने नि सुन्दे इमासु.
२. माइनिचि नि रोकुजि नि ओकिमासु.
३. बासु नि नोत्ते, काइशा ए इकिमासु.
४. काइशा दे तोमोदाचि तो ओचा ओ नोमिमासु. ओचा गा सुकि देसु.
५. निचियोबि नि क्योशित्सु दे इकिमासु.

गवतीचहा · रात्री ८:५८

झकास! दुसऱ्यात 'माइनिचि'चा 'नि' काढा. आज, काल, उद्या, रोज यांना आपण काही लावतो का? नाही. तेही लावत नाहीत : क्यो, किनो, आशिता, माइनिचि सगळे मोकळे. सातला, रविवारी, यांना मराठीत शेपूट आहे, तिथे 'नि'. फक्त 'सकाळी'ला शेपूट असूनही 'आसा' मोकळाच राहतो, ते लक्षात ठेवा.

तिसऱ्यातलं "नोत्ते", बसमध्ये चढून, हे 'ऊन' तुम्ही आपणहून वापरलंत की!

तिरपागडा · रात्री ९:०५

मराठीवरून शिकून पाचात दोनच चुका. माझं मत बदललेलं नाही, पण बरं आहे.

मेथीकूट · रात्री ९:०७

दोन? दुसरी कुठली?

कोंबडीवडे · रात्री ९:०८

मी सांगतो, मी सांगतो! पाचवं. वर्गात 'जाते', वर्गात काही 'करत' नाही. वर्गा'ला' जाते. दे नाही, नि.

उंबरठा · रात्री ९:१५

कोंबडीवडे, तू कधीपासून शिकायला लागलास?

कोंबडीवडे · रात्री ९:१६

शेंगदाणे संपले होते.